चप्पल कुणी केली?

यंदा प्रजासत्ताकदिनाला शनिवार-रविवार जोडून आले आणि आमच्या घरात सहलीचा विषय निघाला. आम्हा देहूरोडच्या मंडळींची सहल म्हटली की कार्ले-भाजे-बेडसे, नाहीतर वर्गणी काढून, बस ठरवून अजिंठा-वेरूळ. यात वावगे काही नाही, ती आपलीच लेणी आहेत. पण या वेळी मुलीने ताटावर बसल्या बसल्या एकदम सांगून टाकले, "पप्पा, मला कोल्हापूरला जायचंय. चप्पल बघायला."

मुलगी चिंचवडला फॅशन डिझाइनच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातील एक पारंपरिक हस्तकला जिथे चालते तिथे जाऊन पाहायची आणि तिच्यावर वही करायची, असे काम त्यांना दिले होते. वर्गातल्या बहुतेक मुलींनी पैठणी घेतली, दोघींनी वारली चित्रे घेतली. हिने कोल्हापुरी चप्पल घेतली. कारण २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल आपली म्हणून मिरवली आणि त्यावरून इकडे गदारोळ झाला, ते तिने वाचले होते.

हे ऐकून माझ्या आईने हातातला घास ताटात परत ठेवला.

"चामडं बघायला चाललीस? माझ्या बापानं जे सोडलं, ते बघायला तू तिकीट काढून चाललीस?"

वाचकहो, पुढे काय झाले ते सांगण्याआधी आईविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आई पंचाहत्तरीची आहे. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिच्या वडिलांकडे महारकी होती. गावात कुणाचे जनावर मेले की ओढून न्यायचे काम त्यांच्यावर. मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, ही घाणेरडी कामे सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले होते. पण ते वाड्यावस्त्यांवर उतरायला वेळ लागला. धम्मदीक्षेनंतर आजोबांनी एके दिवशी पाटलाला सांगितले की आजपासून तुमचा बैल तुम्ही ओढा. दुसऱ्या दिवशी वाण्याने मीठ दिले नाही. शेतावरची मजुरी बंद झाली, विहिरीची वाट काट्या टाकून अडवली. आई तेव्हा सहा-सात वर्षांची होती. ओढ्यात झरा खणून वाटी वाटीने पाणी भरल्याचे तिला आजही आठवते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनेच रद्द झाली, पण आजोबांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती.

अशा बाईला 'पारंपरिक हस्तकला' हा शब्द कसा ऐकू येणार? परंपरा म्हणजे तिच्या लेखी वाण्याने न दिलेले ते मीठ.

मुलगी काही बोलली नाही. मी मधल्यामध्ये सापडलो. एकीकडे आई खरे बोलत होती आणि दुसरीकडे मुलगीही काही वावगे मागत नव्हती. शेवटी आईनेच सांगितले, "जा तुम्ही. मी येत न्हाई." मग आम्ही चौघे निघालो. मी, सौ., मुलगी आणि नववीतला मुलगा. देहूरोडहून लोकलने पुणे स्टेशन आणि तिथून मध्यरात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. सकाळी डोळे चोळत उतरलो तेव्हा फलाटावरच्या पाटीवर नाव होते श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. मुलगा म्हणाला, "बघा, स्टेशनपासूनच सुरुवात झाली."

कोल्हापूर हे कलेचे गाव आहे, यात शंका नाही. चित्रकार आबालाल रहिमान इथले, बाबूराव पेंटर इथले. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले तेव्हा गावातली माणसे घरचे कुणी गेल्यासारखी रडली, असे रिक्षावाला सांगत होता. खासबागेचे कुस्तीचे मैदान मुलाला पाहायचे होते, ते पाहून झाले. हलगी कडाडली की पैलवानाच्या अंगात वारे शिरते, असे तिथल्या एका वस्तादाने सांगितले. हलगी वाजवणारा कोण असतो, हे मात्र आम्हीही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

गुजरीत सौ.ने कोल्हापुरी साज पाहिला. दुकानदार एकेक पान उलगडून दाखवू लागला. साजाला एकवीस पाने, त्यांतली दहा दशावताराची. त्यात नववा बुद्धही येतो म्हणे. सौ. पटकन म्हणाली, "मग हा आपल्याला चालायचा नाही. बावीस प्रतिज्ञांत पाचवी आहे." दुकानदार गोंधळला. मी मनातल्या मनात प्रतिज्ञेचे आभार मानले, कारण सोन्याचा त्या दिवशीचा भाव मी फळ्यावर वाचला होता.

बिंदू चौकात मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे शेजारी शेजारी आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले गेले. तारीख नीट पाहा. बाबासाहेब तेव्हा हयात होते, संविधान लागू होऊन वर्षही झाले नव्हते. हे पुतळे कोल्हापूरचे शिल्पकार बाळ चव्हाण यांनी घडवले. आमच्या देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसली ती २५ डिसेंबर १९५४ ची, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. आपण वर्षानुवर्षे पुतळ्यांना हार घालतो, पण ते कुणी घडवले हे विचारायची सवय आपल्यालाही नाही. मुलीने वहीत शिल्पकाराचे नाव लिहून घेतले. मलाही ते नाव त्याच दिवशी कळले, हे कबूल करतो.

तिथून चप्पल लाइन जवळच आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, दारात तोरणासारख्या टांगलेल्या चपला आणि कमावलेल्या चामड्याचा तो वास. मुलीने कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाळी अशी नावे टिपली. मग तिने एका दुकानात विचारले, "काका, या करतात कुठे? कारागीर भेटतील का?" त्यावर मालक म्हणाले, "कारागीर कशाला बघायचाय? माल बघा. माल एक नंबर आहे." दुसऱ्या दुकानातही हेच. तिसऱ्याने तर आम्हाला सरकारी माणसे समजून दराचे फलक सरळ केले.

शेवटी आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने फोनवरून एक पत्ता दिला आणि आम्ही सुभाषनगरात पोहोचलो. इथे घरोघरी चपलांचे काम चालते. एका घराच्या पुढच्या खोलीत साठीच्या पुढचे एक काका जमिनीवर बसून रापीने तळ कापत होते. पलीकडे काकू पातळ वाद्यांची वेणी घालत होत्या.

"या की, बसा. कुठनं आलायसा?"

"पुण्याकडून. देहूरोड."

"आणि तुमी कुणाचं म्हणायचं?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शहरात तो आडनावाच्या आडून येतो, इथे तो सरळ आला. मी सरळच उत्तर दिले, "बौद्ध." काकांचा हात क्षणभर थांबला. रापी पुन्हा चालू झाली आणि ते म्हणाले, "असूं दे. बाबासायबांची मान्सं. च्या ठेव गं."

त्या एका क्षणात काय काय होते, ते आपल्या वाचकांना फोडून सांगायला नको, तरी तरुण मंडळींसाठी सांगतो. मेलेले जनावर ओढायचे ते महाराने. कातडे कमवायचे ते ढोराने. चप्पल शिवायची ती चांभाराने. आणि ती पायात घालून मिरवायचे ते तिसऱ्याच कुणी. एकाच कातड्यावर तीन समाज जगले आणि तिघांनी एकमेकांच्या हातचे पाणी घेतले नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती इतकी समोरासमोर मी क्वचितच पाहिली असेल. माझ्या आजोबांनी अशा घरात चहा प्याला नसता, कारण कुणी दिलाच नसता. आम्ही प्यालो. चहा गोडमिट्ट होता.

या गावात चहालाही इतिहास आहे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी त्या नोकरांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. त्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावत. काकांना ही गोष्ट आमच्यापेक्षा चांगली माहीत होती.

मग त्यांनी मुलीला कामाची सगळी रीत दाखवली. कातडे चुन्यात टाकून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमवायचे. त्यात रसायन नाही, म्हणून ही चप्पल पायाला गार लागते. तळाला म्हशीचे जाड कातडे, वेणीला शेळीचे मऊ. खरी चप्पल खिळ्याने ठोकत नाहीत, चामड्याच्याच वादीने शिवतात. तळाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ते कान, मधला पट्टा, अंगठा. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायकाच घालतात. "पण बोर्डावर नाव पुरुषाचं," काकू खाली मान घालूनच म्हणाल्या. काका हसले, पण त्यांनी ते नाकारले नाही.

पावसाळ्यात काम बसते, कारण चामडे वाळत नाही. २०१५ मध्ये कायदा बदलून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कच्चा माल महाग झाला. आता बराच माल तिकडे अथणीकडून येतो. ते काही परके नव्हेत. कोल्हापुरी चपलेला २०१८-१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. सीमेवरून आपण भांडत राहिलो, चप्पल मात्र दोन्हीकडे एकाच वादीने शिवली जाते.

मी बी.कॉम. माणूस. कारखान्यात दिवसभर हिशेबच लिहितो. बसल्या बसल्या काकांच्या एका जोडाचा हिशेब मांडला. लाइनमध्ये ज्या जोडाचे चौदाशे सांगितले, तसाच जोड काका दुकानदाराला साडेसहाशेला देतात. त्यात कातडे, तेल, रंग मिळून साडेतीनशे गेले. उरले तीनशे. आणि त्या तीनशेत काकांचे कापणे-शिवणे, काकूंची वेणी, दोघांचा मिळून सव्वा-दीड दिवस. आमच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्या कंत्राटी पोराला एकट्याला एका दिवसाचे याहून जास्त पडतात. मी कागद काकांपुढे धरला. ते म्हणाले, "ह्यो हिशेब आमाला कधीच कळलाय. म्हणून तर पोरगा यमआयडीशीत जातो." मुलगा शिरोलीला फाउंड्रीत आहे. त्याने रापी हातात धरली नाही. काकांना त्याचे दुःख आहे का, असे सौ.ने विचारले. ते जरा थांबून म्हणाले, "चप्पल करणाऱ्याला पोरगी कोण देतंय?"

आणि इकडे तीच चप्पल परदेशात किती किमतीला जाणार आहे? प्राडाने नंतर मान्य केले की आपली चप्पल भारतीय कारागिरीवरून घेतली आहे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे महामंडळ यांच्याशी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले आणि एका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या घरात जाहीर झाली. काकांना कुणी त्यासाठी विचारले होते का? "अजून तर न्हाई. इचारलं तर करू की. पन ऐंशी हजारातलं आमाला किती, ते आधी इचारू." हिशेब त्यांना खरोखरच कळला आहे.

मुलीचे लक्ष या हिशेबात नव्हते. ती काकूंच्या शेजारी जाऊन बसली होती. "मला शिकवा ना वेणी." काकूंनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "तू कशाला? शिकल्याली पोर तू." मुलगी म्हणाली, "शिकलेय म्हणूनच शिकायचंय." काकूंनी तिला चार वाद्या दिल्या. पहिल्यांदा वेणी सैल झाली. दुसऱ्यांदा वादी तुटली. तिसऱ्यांदा काकूंनीच उसवून टाकली. चौथ्या वेळी बोटभर लांबीची सरळ वेणी उतरली, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि मुलाने भुकेने तोंड वाकडे केले होते.

इथे मला माझे मत लिहायचे आहे. आपल्यातले काही मित्र म्हणतात की हे सगळे जातीचे धंदे आहेत, ते मरू द्यावेत, आपल्या पोरांनी संगणक शिकावा. आईचेही तेच म्हणणे आहे आणि त्यामागे जे सोसलेले आहे त्यापुढे मी मान झुकवतो. उलट बाजूला आपल्या परंपरेचा अभिमान बाळगा म्हणून भाषणे देणारे आहेत. त्यांच्या घरातले कुणी रापी धरून बसल्याचे मला माहीत नाही. मला दोन्ही म्हणणी अर्धी वाटतात. मेलेले जनावर ओढणे हे काम नव्हते, ती सक्ती होती. मोबदल्यात भाकरीचे तुकडे आणि वर शिवाशिव. आजोबांनी फेकली ती सक्ती. चप्पल शिवणे मात्र मुळात एक विद्या आहे, तिच्या गळ्यात जातीचा दोर बांधला गेला. शाहू महाराजांनी हे ओळखले होते. त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली आणि बलुतेदारीचे बंधनही काढून टाकले, ज्याला जो धंदा करायचा तो त्याने करावा म्हणून. म्हणजे चांभाराच्या मुलाने फाउंड्रीत जाणे हे जसे त्यात बसते, तसेच बौद्धाच्या मुलीने वेणी शिकणेही बसते. पोट भरण्याइतके पैसे त्यात मिळतात का, हा निराळा प्रश्न आहे आणि माझ्या कागदाप्रमाणे आज मिळत नाहीत. मुलगी म्हणते, नवे नमुने काढून कारागिरांचाच गट केला आणि माल सरळ गिऱ्हाइकाला विकला तर मिळतील. मी अजून तिला हो म्हटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी माणगावला गेलो. हातकणंगले तालुक्यातले हे गाव. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी इथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः आले. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. बाबासाहेबांचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस, वाढदिवसाला तीन आठवडे बाकी. मुलाने आपल्या वयातून हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे अजून चौदा वर्षं आहेत." सौ. म्हणाली, आधी दहावी हो.

कोल्हापूर बुद्धाचेही जुने गाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले आणि सातवाहन काळातली वस्ती, रोमशी चालणाऱ्या व्यापाराच्या खुणा सापडल्या. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, याच गावात एका जुन्या स्तूपाच्या अवशेषांत धातूंची म्हणजे अस्थींची पेटी मिळाली होती. तिच्यावर ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. त्यात दोन नावे आहेत. दान कुणाचे ते एक नाव आणि ते काम कुणी केले-करविले ते दुसरे, धम्मगुप्ताचे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात काम तडीस नेणाऱ्याचे नाव दगडावर दात्याच्या शेजारी कोरले जात होते. आज लाइनमध्ये विचारले तर 'माल बघा' म्हणतात. महामंडळाने २०२५ मध्ये चपलेवर क्यूआर कोड लावायचे जाहीर केले आहे. मोबाइल धरला की कारागिराचे नाव-गाव कळावे, असा त्यामागे विचार आहे. काकूंचे नाव त्यात येणार की नुसते काकांचे, हे मुलीने त्या दोघांनाच विचारले. काका म्हणाले, "दोघांचं घालाया लावू."

ज्या वाचकांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. रस्त्यावर दोनशे रुपयांना मिळते ती चप्पल रेक्झिनची असते, पहिल्या पावसात तळ उलगडतो. तळाला खिळा दिसला तर घेऊ नका. शिवण वादीची आहे का पाहा. नवी चप्पल पहिले चार दिवस चावते, तिला आतून खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा. पाण्यात भिजवू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको. शक्य असेल तर सुभाषनगरात जाऊन करणाऱ्याच्या हातूनच घ्या आणि घासाघीस करू नका. आम्ही काकांकडून तीन जोड घेतले, दुकानापेक्षा स्वस्त आणि त्यांना दुकानदार देतो त्यापेक्षा जास्त दराने. मिसळ खाल्ली. तांबडा-पांढरा रस्सा सोमवारी खाल्ला. रंकाळ्यावर फिरायला वेळ उरला नाही, त्याचे मुलाला अजून वाईट वाटते.

तिसरा जोड आईसाठी होता.

घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. मुलीने पिशवीतून जोड काढून तिच्या पायाशी ठेवला. आईने लगेच हात लावला नाही. मग एकदम म्हणाली, "आमच्या गावात पाटलाच्या वाड्यावरनं जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागायच्या. माझ्या आईला वहाणच नव्हती, म्हणून तिला काढावी लागली न्हाई." मुलगी खाली बसली. तिने आजीला सगळे सांगितले. काका, काकू, वेणी, फाउंड्रीतला मुलगा, चहा. चहाशी आई थांबली. "त्यांच्या घरात प्यालात?" "हो आजी. त्यांच्याच कपात."

आईने उजवी चप्पल उचलून उन्हात धरली. "कुणी केली ही?"

"काकांनी. आणि वेणी काकूंनी. डाव्या पायाच्या वेणीत बोटभर मी घातलीय."

आईने उजवी खाली ठेवली, डावी उचलली आणि बोटाने चाचपत ती बोटभर जागा शोधून काढली. अर्थात ती जरा सैल होती. "हितं. हीच की न्हाई?" मग म्हणाली, "शीक बाई. पन कुणी सांगितलं म्हणून नको शिकूस. आणि कॉलेज सोडू नकोस."

रविवारी वंदनेला जाताना आईने ती चप्पल घातली. विहाराच्या पायरीशी सगळ्यांनी चपला काढल्या, तिनेही काढल्या. पण त्या बाहेर ठेवायला ती काही तयार होईना. शेवटी सौ.ने पर्समधली प्लास्टिकची पिशवी दिली, आईने चपला त्यात घातल्या, पिशवीला गाठ मारली आणि वंदना संपेपर्यंत ती मांडीखाली धरून बसली.